वाकडे अंगण

सोलापुरातल्या त्या घरात संगणक एकच होता आणि त्याच्यावर हक्क सांगणारे चौघे होते. वडील रात्री दुकानाचे हिशेब लिहीत, आई महिन्यातून एकदा विजेचे बिल भरी, धाकटी बहीण चित्रे रंगवी; आणि उरलेला सारा वेळ थोरल्या मुलाचा असे. आजोबा दुपारी त्याच खोलीत आडवे होत. संगणकाशी त्यांचा संबंध एवढाच, की त्याच्यासाठी लावलेल्या पंख्याचा वारा त्यांनाही लागे.

संगणकाजवळचा माऊस फार जुना झाला होता. तळहात जेथे टेकतो तेथे त्याचा खरबरीत काळा रंग झिजून गुळगुळीत झाला होता आणि चकाकत होता. माऊसच्या पोटाखाली चार कोपऱ्यांना निसरड्या चकत्या असतात. त्यांपैकी उजव्या अंगाची पुढची चकती केव्हाच गळून पडली होती. त्यामुळे डावीकडे तो सहज सरके, पण उजवीकडे जाताना अडखळे. डाव्या बटणाचीही एक खोड होती. मध्यावर दाबले तर ते कधी लागे, कधी लागत नसे. अगदी कडेला, नखाच्या टोकाने दाबले म्हणजे हमखास लागे. घरातल्या माणसांच्या हाताला हे सारे इतके सवयीचे झाले होते, की माऊसमध्ये काही व्यंग आहे याचे भानही कोणाला राहिले नव्हते. एखादा पाहुणा संगणकाशी बसला आणि “अहो, हा चालत नाही की काय?” असे त्याने विचारले, म्हणजे घरच्यांना क्षणभर आश्चर्यच वाटे.

भान राहिले होते ते फक्त मुलाला, आणि तेही हरल्यानंतर.

त्याचा आवडता खेळ अगदी साधा होता. पडद्यावर निरनिराळ्या ठिकाणी वाटोळ्या तबकड्या उगवत आणि पाहता पाहता मावळत. त्या मावळण्याच्या आत माऊसने बाण तबकडीवर न्यायचा आणि बटण दाबायचे. एका मिनिटात जितक्या तबकड्या टिपल्या तितके गुण. गोट्या खेळणाऱ्याला जी नेमाची दृष्टी लागते तीच येथेही लागते. फरक इतकाच, की येथे गोटी मातीत न घरंगळता पडद्यावर धावते. मुलाची सर्वांत मोठी मजल ४१ तबकड्यांची होती. समोरच्या घरातल्या त्याच्या मित्राची ४४ ची होती. तीन तबकड्यांचे हे अंतर सहा महिन्यांत काही केल्या तुटत नव्हते.

“माझा माऊस चांगला असता ना, तर मी केव्हाच तुझ्या पुढे गेलो असतो,” असे तो मित्राला वरचेवर सांगे.

‘नाचता येईना, अंगण वाकडे’ ही म्हण मुलाला ठाऊक नव्हती असे नाही. सातवीच्या परीक्षेत तिचा अर्थ लिहून आणि वाक्यात उपयोग करून त्याने पुरते गुण मिळवले होते. परंतु म्हणी दुसऱ्यांसाठी असतात, अशी पुष्कळांची समजूत असते, तशी त्याचीही होती. शिवाय त्याच्या बाजूने एक गोष्ट मान्य करायलाच हवी. येथे अंगण खरोखरच वाकडे होते. तुटकी चकती आणि हट्टी बटण ही काही त्याच्या कल्पनेतली नव्हती.

दिवाळीत वडीलधाऱ्यांच्या पाया पडल्यावर मिळालेले पैसे, वाढदिवसाला मामाने दिलेली नोट आणि आजीने कोणाला न सांगता हातावर ठेवलेले शंभर रुपये असे करीत करीत त्याने बाराशे रुपये साठवले. गल्लीतल्या मंडळाने मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी या खेळाची स्पर्धा ठरवली होती, आणि ज्याने त्याने आपापला माऊस आणावा असेही जाहीर केले होते. स्पर्धेला पंधरा दिवस उरले असताना नवा माऊस घरी आला.

पेटी उघडण्याचा सोहळा बहिणीच्या साक्षीने झाला. माऊस हातात धरावा तर जणू मुलाच्या पंजाचे माप घेऊनच बेतलेला. अंगठा जेथे विसावतो तेथे दोन जादा बटणे. वरच्या बाजूस आणखी एक चिमुकले बटण. ते दाबले की माऊसचा वेग बदले. पोटाखालच्या चारही चकत्या नव्याकोऱ्या. टेबलावर बोटाने नुसता लोटला तरी तो पाण्यावरच्या होडीसारखा सरके.

“याला हात लावायचा नाही,” मुलाने बहिणीला बजावले. मग तिचा उतरलेला चेहरा पाहून त्याला दया आली असावी. जुन्या माऊसची वायर गुंडाळून त्याने तो तिच्या ओंजळीत ठेवला. “हा घे. आजपासून हा तुझा.” तो कसा चालवायचा हेही त्याने तिला नीट समजावून सांगितले. निरुपयोगी वस्तू दान करताना माणसाच्या अंगी मोठे औदार्य येते. बहिणीला मात्र त्यातले काही कळले नाही. दादाने मला स्वतःचा माऊस दिला, असे ती संध्याकाळपर्यंत चार घरी सांगून आली.

मग मुलाने नव्या माऊसचा वेग सर्वांत वरच्या अंकावर नेला आणि खेळ सुरू केला. मिनिट संपले तेव्हा पडद्यावर आकडा होता १४.

असे का व्हावे? पेटीवर छापलेल्या आकड्यांतच त्याचे उत्तर होते. माऊस एक इंच सरकला म्हणजे तो संगणकाला किती पावले कळवतो, हे त्या आकड्यांवरून समजते. आकडा ८०० असेल तर एका इंचात आठशे पावले, आणि सामान्यपणे एका पावलाला बाण पडद्यावर एक ठिपका पुढे जातो. मुलाच्या घरचा पडदा रुंदीला १९२० ठिपक्यांचा होता. म्हणजे ८०० च्या वेगाने या टोकापासून त्या टोकाला जाण्यास हात जवळजवळ अडीच इंच हलवावा लागेल. मुलाने वेग ठेवला होता ६४००. आता १९२० ला ६४०० ने भागून पाहावे. उत्तर येते ०.३ इंच. लांबट तांदळाच्या एका दाण्याएवढा हात हलला, की बाण सबंध पडदा ओलांडून जाई! एवढ्याशा जागेत हाताला हजारभर बारीक भेद राखायचे होते. ते चौदा वेळा साधले हेच नवल म्हणायचे.

पेटीवर आणखीही एक आकडा मोठ्या अक्षरांत होता. जुना माऊस आपली हालचाल संगणकाला सेकंदातून १२५ वेळा कळवी. नवा १००० वेळा कळवणार होता. म्हणजे जुन्याच्या दोन निरोपांत आठ मिलिसेकंदांचे अंतर, तर नव्याच्या दोन निरोपांत एकाच मिलिसेकंदाचे. सात मिलिसेकंद वाचले. ही काही खोटी जाहिरात नव्हे. अगदी अटीतटीच्या सामन्यांत तेवढ्यानेही फरक पडतो. परंतु समोर काही उगवलेले डोळ्यांनी पाहावे आणि बोटाने बटण दाबावे, यासाठी माणसाला सुमारे २०० ते २५० मिलिसेकंद लागतात. हा आकडा पेटीवर नव्हता. तो पेटीत बंद करून विकता येत नाही.

त्या संध्याकाळी वडिलांनी माऊस उलटा करून पाहिला आणि ते हसले. त्यांच्या लहानपणी माऊसच्या पोटात रबराने मढवलेली एक जड गोळी असे. गोळी टेबलावर फिरली म्हणजे आतल्या दोन बारीक दांड्या फिरत. एक उभी चाल मोजी, दुसरी आडवी. त्या दांड्यांना मळ चिकटला की बाण पडद्यावर धक्के खात चाले. मग गोळी बाहेर काढून पुसायची आणि दांड्यांवरचा मळ नखाने खरवडायचा. हे काम करताना मुलांना खेळापेक्षाही अधिक मौज वाटे. आताच्या माऊसमध्ये गोळी नसते. एक बारीक दिवा टेबलावर प्रकाश पाडतो आणि एक चिमुकला डोळा त्या जागेची चित्रे सेकंदाला हजारो वेळा टिपतो. लागोपाठच्या दोन चित्रांतले कण किती सरकले हे ताडून माऊसची चाल कळते. म्हणून स्वच्छ, नितळ काचेवर पुष्कळ माऊस भांबावतात. काचेवर ओळखीची एकही खूण त्यांना सापडत नाही.

या साऱ्याची सुरुवात मात्र एका लाकडी पेटीपासून झाली. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत डग्लस एंगलबर्ट नावाचे एक अभियंते काम करीत होते. संगणकाच्या साहाय्याने माणसाची बुद्धी अधिक कशी चालवता येईल, हा त्यांचा ध्यास होता. पडद्यावरील एखाद्या जागी चटकन बोट ठेवता यावे यासाठी त्यांनी एक साधन कल्पिले, आणि १९६४ साली त्यांचे सहकारी बिल इंग्लिश यांनी ते घडवले. मुठीत मावेल एवढी लाकडाची पेटी, तिच्या तळाशी परस्परांशी काटकोनात बसवलेली दोन चाके आणि वर एकच बटण. पेटीतून निघालेली तार शेपटीसारखी दिसे, म्हणून कोणीतरी तिला ‘माऊस’ म्हटले. आपल्याकडे उंदीर म्हटला की गणपतीचे वाहन डोळ्यांपुढे येते. त्या लोकांना नुसता उंदीरच दिसला. हे नाव पहिल्याने कोणी उच्चारले, ते पुढे त्यांच्यापैकी कोणालाच आठवले नाही. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे एंगलबर्ट यांनी हे साधन मोठ्या सभेपुढे चालवून दाखवले आणि १९७० मध्ये त्यांना त्याचे पेटंट मिळाले. घरोघर माऊस पोचण्यास मात्र आणखी पुष्कळ वर्षे जावी लागली. १९८७ साली पेटंटची मुदतही संपून गेली.

या इतिहासात एक लहानशी गोष्ट आहे. ती त्या मुलाला ठाऊक असती तर त्याचे पहिले काही दिवस जरा सुखाने गेले असते. माऊस सरस की दुसरे एखादे साधन सरस, हे ठरवण्यासाठी एंगलबर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरनिराळ्या साधनांची कसोटी घेतली होती. त्यांत पडद्याला टेकवायची प्रकाशलेखणी होती, हाताने वळवायची दांडी होती, आणि टेबलाखाली बसवून चक्क गुडघ्याने चालवायचे एक यंत्रही होते! ज्यांना सराव होता त्यांच्या हातात माऊस सर्वांत जलद आणि सर्वांत अचूक ठरला. पण जे अगदी नवखे होते त्यांची गती माऊसपेक्षा प्रकाशलेखणीने आणि त्या गुडघ्याच्या यंत्राने अधिक झाली. म्हणजे जन्मतःच माऊस नवख्यांवर प्रसन्न नव्हता.

मुलाने दुसऱ्या दिवशी वेग ८०० वर आणला आणि त्याचे २७ झाले. तिसऱ्या दिवशी २९. आता बाण पळून जात नव्हता, पण दुसरीच एक अडचण दिसू लागली. उजवीकडे तबकडी उगवली की बाण दर वेळी तिच्या थोडा पलीकडे जाऊन थांबे. डावीकडे असे होत नसे. मुलाने माऊस पुसला, त्याच्याखाली वहीचे पुठ्ठे घालून पाहिले, दुकानदाराकडे जाऊन दुसरा माऊस मागण्याचाही विचार केला. आपला हातच उजवीकडे जाताना जरा जास्त जोर लावतो आहे, हे त्याच्या लक्षात आले नाही. लक्षात येणार तरी कसे? अडखळणाऱ्या माऊसला रेटण्यासाठी हाताने ती युक्ती वर्षानुवर्षे आपल्याआपण शिकून ठेवली होती आणि मालकाला तिची वर्दीही दिली नव्हती. वाकड्या अंगणात नाचणाऱ्याचे पाय अंगणाच्या उतारासारखेच पडू लागतात. अंगण सपाट झाल्यावर तेच पाय ठेचकाळतात.

सोलापूरचा मे महिना. दुपारी पत्र्यावर पापड भाजावेत असे ऊन. तळहाताला घाम येई आणि माऊस निसटे. मुलगा रुमालाने हात पुसून पुन्हा बसे. ३०, ३३, मध्येच एकदा २६, मग ३५. रात्री आई दिवा मालवायला येई तेव्हाही त्याची बोटे उशीवर हळूहळू सरकत असत. बहीण दुपारी सारे निजले म्हणजे आपला माऊस जोडी आणि चित्रे सोडून त्याच तबकड्या टिपीत बसे. तिला कोणाला हरवायचे नव्हते. म्हणूनच बहुधा तिचा हात मोकळा राही.

स्पर्धेच्या दिवशी मंडळाच्या खोलीत चौदा मुलेमुली जमली. प्रत्येकाला एकच मिनिट होते. मित्राने ४५ तबकड्या टिपल्या आणि तो पहिला आला. मुलाच्या ३७ झाल्या. बहिणीने ३१ टिपल्या, आणि पहिला नंबर आल्याच्या आनंदात ती टाळ्या पिटीत खुर्चीवरून उतरली.

घरी आल्यावर मुलगा ओट्यावर बसून राहिला. आजोबा तेथेच सुपारी कातरीत होते.

“जुनाच माऊस न्यायला हवा होता,” तो शेवटी म्हणाला. “त्याच्यावर माझे एक्केचाळीस होते. या नव्यानं माझा हात बिघडवला.”

पंधरा दिवसांपूर्वी जुन्या माऊसवर जो आरोप होता तोच आता नव्यावर आला होता. आजोबांच्या ते ध्यानात आले असावे. पण ते त्यावर काही बोलले नाहीत. आजोबांचे सारे आयुष्य शिंपीकामात गेले होते. सुपारीचा एक तुकडा तोंडात टाकून ते म्हणाले,

“माझ्या वडिलांची एक कात्री होती. धार गेलेली. पण मी तिच्यावरच शिकलो. मनगट जरा तिरकं धरून बाहेरच्या अंगाला दाब दिला की कापायची झकास. मग पैसे साठवून मी मेरठची नवी कात्री घेतली. पहिल्याच दिवशी एका नवऱ्यामुलाच्या कोटाचं कापड हातात आलं. कात्री जी धावली ती खडूची रेघ सोडून चार बोटं आत!”

“मग?”

“मग काय, मालकाला म्हटलं, कात्री खोटी आहे. मालक एक अक्षर बोलला नाही. त्यानं माझ्या हातातून तीच कात्री घेतली आणि दुसऱ्या बाजूचं कापड रेघेवरून सरळ कापून माझ्यापुढं ठेवलं. कापडाचे पैसे माझ्या पगारातून गेले.”

“आणि कात्री?”

“महिनाभर रोज रात्री वर्तमानपत्रं कापली तिच्यानं. शेजारचा वाणी खूश होता. त्याला पुड्या बांधायला आयता कागद मिळायचा.”

गोष्ट मुलाला आवडली, पण पटली असे नव्हे. कात्री वेगळी आणि माऊस वेगळा. तो उठला आणि आत गेला. जुना माऊस आजही आपल्याला चाळिशीच्या वर नेतो, हे एकदा आकड्याने सिद्ध केले म्हणजे वाद मिटणार होता. बहीण संगणकापुढे बसून एका मोराला निळा रंग देत होती.

“तुझा माऊस जरा दे.”

“परत देशील ना?”

“देईन.”

ती खुर्चीवरून उतरली, पण तेथेच उभी राहिली. मुलाने माऊसवर हात ठेवला. तळहाताखाली तोच ओळखीचा गुळगुळीतपणा लागला. खेळ सुरू झाला. पहिली तबकडी डावीकडे उगवली. ती त्याने सहज टिपली. दुसरी उजवीकडे उगवली. बाण निघाला आणि तबकडीच्या अलीकडेच अडला. तो पुढे ढकलीपर्यंत तबकडी मावळली. तिसऱ्या तबकडीवर बाण बरोबर पोचला, पण बटण लागले नाही. चौथीला तेच. मुलाच्या कपाळावर घाम आला. त्याने रुमाल शोधला, तेवढ्यात आणखी दोन गेल्या. मिनिट संपले तेव्हा पडद्यावर आकडा होता २२.

मुलाने माऊस उलटा करून पाहिला. पोटाखाली तीनच चकत्या होत्या. पहिल्यापासून तीनच होत्या.

बहिणीला त्याची कीव आली. तिने आपला लहानसा हात त्याच्या हातावर ठेवला आणि माऊस उजवीकडे लोटून दाखवला.

“दादा, इकडं जाताना तो अडखळतो. थोडा जास्त रेटायचा. आणि बटण मध्ये नाही दाबायचं, कडेला दाबायचं, नखानं. तूच नाही का शिकवलंस मला?”